कान थोडे, अंगठे फार

यंदाच्या अंकाचा विषय ‘कौल’, असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि लगेच पुढं म्हणाले, निवडणुकांवर लिहिणारे रांगेत उभे आहेत, तुम्ही दुसरं काही बघा. गाण्याला मिळणाऱ्या कौलाबद्दल लिहावं, असं बरेच दिवस मनात होतं. अ‍ॅपवरची मतं, गाण्याखालचे अंगठे, पाहणाऱ्यांचे आकडे, ‘महाराष्ट्रानं निवडलेला आवाज’ वगैरे बिरुदं. मुंबईत बसूनही हे लिहिता आलं असतं. पण मत जिथून निघतं तिथं जाऊन बघावं, म्हणून नगर गाठलं. सरकारदरबारी २०२४पासून ते अहिल्यानगर आहे. माणसांच्या बोलण्यात दोन्ही नावं येतात, तशी ती या लेखातही येतील.

सावेडीतला संध्याकाळचा वर्ग

नगर निवडण्याचं कारण एक मुलगी. अंजली गायकवाड, जन्म २००६चा. वडील अंगद गायकवाड संगीतशिक्षक. त्यांच्याकडंच ती आणि तिची बहीण नंदिनी शास्त्रीय गाणं शिकल्या. २०१७च्या ऑक्टोबरात जयपूरला झालेल्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या अंतिम सोहळ्यात अकरा वर्षांची अंजली आणि बंगालचा श्रेयान भट्टाचार्य यांना विजेतेपद विभागून मिळालं. त्याच वर्षी सचिन तेंडुलकरवरच्या चित्रपटात ए. आर. रहमानच्या संगीतात तिचा आवाज होता. मग २०२०च्या नोव्हेंबरात ‘इंडियन आयडॉल’चं बारावं पर्व सुरू झालं, त्यात ती गेली. करोनामुळं महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, कार्यक्रम दमणला हलला, आणि २०२१च्या जूनमध्ये एका रविवारी जाहीर झालं, की सर्वांत कमी मतं अंजलीला पडली. ती घरी परतली.

त्यानंतरचा आठवडा अनेकांना आठवत असेल. तिच्याऐवजी अमुक जायला हवी होती, तमुकला मुद्दाम ठेवलंय, मतं खरी की खोटी, असा धुरळा समाजमाध्यमांवर उडाला. गंमत म्हणजे ज्या दुसऱ्या स्पर्धक मुलीवर लोक तुटून पडले, तिनं या निकालात काहीच केलेलं नव्हतं. ती गात होती, एवढंच.

सावेडीत एका गाण्याच्या वर्गात संध्याकाळी जाऊन बसलो. हा वर्ग वेगळाच, गायकवाडांचा नव्हे. जिन्यात चपला, आत आठ-दहा मुली आणि दोन मुलगे, एक हार्मोनियम, मोबाइलवर लावलेला तानपुरा. भूप चालला होता. बाहेरच्या बाकावर आया बसल्या होत्या. बाईंनी सांगितलं, २०१७नंतर वर्गातली संख्या वाढली, हे चांगलं झालं. पण प्रवेश घेताना पहिला प्रश्न बदलला. पूर्वी विचारायचे, परीक्षा कधीपासून द्यायची? म्हणजे गांधर्व महाविद्यालयाच्या. आता विचारतात, ऑडिशनला कधी बसवायची? ‘ताई, आधी सा लागू द्या’, हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे.

बाकावरच्या आयांना २०२१चं व्होटिंग चांगलं आठवत होतं. अंजलीला मत दिलं का, यावर सगळ्यांचा होकार. मात्र जूनच्या त्या आठवड्यात दिलं होतं का, असं विचारल्यावर जरा शांतता पसरली. एकीनं सांगितलं, ती तर जाणारच नव्हती ना, इतकी चांगली गायची. आम्हाला वाटलं, बाकीचे देतीलच.

चांगल्या गाणाऱ्याची मतं कमी होण्याचं हे एक साधं कारण. तिला धोका आहे असं तिच्या चाहत्यांना वाटतच नाही. डळमळीत स्पर्धकाचे पाठीराखे मात्र रात्रभर जागतात.

एक सभासद, एक मत

मत कसं द्यायचं, तेही बघण्यासारखं होतं. त्या पर्वात सोनी लिव्हच्या अ‍ॅपवर खातं उघडून मतं देता येत. दुसरी सोय होती फर्स्टक्रायवर, म्हणजे लहान मुलांचे लंगोट आणि खेळणी विकणाऱ्या संकेतस्थळावर. भीमपलासीतली तान आवडली तर बाळंतविड्याच्या दुकानात जाऊन नाव नोंदवा, असा सगळा प्रकार. यात कुणाची चूक नाही. प्रायोजकाला त्याच्या दुकानात गिऱ्हाईक हवं होतं, आणि गाणं हे तिथवर आणण्याचं निमित्त होतं. एका खात्यावरून एकाच स्पर्धकाला अनेक मतं देता येत. घरात चार माणसं आणि सहा मोबाइल असतील, भाच्याला नवी ईमेल खाती काढायची हौस असेल, तर एका सोफ्यावरून निघणारी मतं एका वाडीच्या मतदारयादीपेक्षा जास्त व्हायची.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरेकाठी उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यात घालून दिलेली घडी सहकाराच्या तत्त्वावरची होती : दोन एकर उसाचा सभासद असो की वीस एकरांचा, मत एकच. पुढं सहकारात काय काय झालं, पॅनल कशी बांधली जातात, मतदारयादीत कोण घुसवलं जातं, हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण निदान यादी असते. ती आधी लावली जाते, तिच्यावर हरकत घेता येते, मतमोजणीला दोन्ही बाजूंचे लोक टेबलाशी बसतात. गाण्याच्या मतदानात यातलं काहीच नाही. मतदार कोण, माहीत नाही. किती मतं पडली, वाहिनी सांगत नाही. हरकत कुठं घ्यायची, याला पत्ता नाही.

अ‍ॅपच्या आधी एसएमएस होता, तेव्हा मताला किंमतही होती. झी मराठीवरचा ‘सारेगमप’ ज्या मोबाइल कंपनीच्या नावानं दिसायचा, ती ‘आयडिया’. २००९च्या सुरुवातीला आळंदीच्या कार्तिकी गायकवाडनं ‘लिटिल चॅम्प्स’ जिंकलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र एसएमएस पाठवत होता. स्पर्धकांतल्या प्रथमेशला मत देणारं घर वेगळं, आर्याला देणारं वेगळं, अशी सोसायट्यांत फूट पडली होती. त्या संदेशांचं अर्थकारण किती मोठं असतं, हे गाण्याच्या नव्हे, पण दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या प्रकरणात उघड झालं. २००७मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. संदेशाला २ रुपये ४० पैसे. ग्राहक तक्रार झाली आणि राष्ट्रीय आयोगापुढं हिशेब आला : पाच कोटी ऐंशी लाख संदेश, त्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये, बक्षिसांवर खर्च १ कोटी ४ लाख. आयोगानं २००८मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनीला मिळून एक कोटीचा दंड केला. पुढं सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द ठरवला, हेही सांगायला हवं. कायद्याच्या कसोटीवर गैर ठरलं नाही, पण आकडे तेच राहिले. मत फुकट नव्हतं, आणि जितकी चुरस तितका गल्ला. म्हणून नियमांनी एका माणसाला एका मतावर कधी थांबवलं नाही.

मतविभागणी

‘इंडियन आयडॉल’च्या त्या पर्वाकडं नगरच्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या नजरेनं बघायला मिळालं. पंचायत समितीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका त्यानं बूथवर बसून काढल्या आहेत. चहा पिता पिता त्यानं माझ्याच वहीत मांडणी केली. महाराष्ट्रातून उभे किती? नगरची अंजली, कल्याणची सायली कांबळे, कल्याणचाच नचिकेत लेले, पुण्याचा आशिष कुलकर्णी. म्हणजे एकाच मतदारसंघात एकाच विचाराचे चार उमेदवार. समोर उत्तराखंडातून एकटा पवनदीप राजन, चंपावतचा. नगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या गणतीत ४५ लाख; अख्ख्या उत्तराखंडाची कोटीच्या आसपास. पण तिथं कुणाला निवड करावी लागत नव्हती. ‘मतविभागणी झाली हो, दुसरं काय’, असं म्हणून त्यानं वही परत केली.

पवनदीप उत्तम गातो, यात वाद नाही. अनेक वाद्यं वाजवतो. १५ ऑगस्ट २०२१च्या बारा तासांच्या अंतिम सोहळ्यात तो जिंकला, आणि त्याच महिन्यात उत्तराखंड सरकारनं त्याला कला, पर्यटन आणि संस्कृतीचा सदिच्छादूत नेमलं. नेमका हाच मुद्दा आहे. राज्य एका गळ्यामागं उभं राहिलं. महाराष्ट्राचे मराठी गळे एकमेकांची मतं खात होते. नचिकेत आधी गेला, मग अंजली, तिच्यानंतर आशिष. सायली अंतिम सहांत पोचली. मैदानात मराठी नावं कमी होत गेली तशी उरलेल्या नावामागं मतं गोळा होत गेली असणार, हा कार्यकर्त्याचा कयास मला पटतो. यात कुणाचा सूर कसा लागला हा प्रश्नच उरत नाही.

याहून टोकाचं उदाहरण २००७चं. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात शेवटी दोघं उरले : शिलाँगचा अमित पॉल आणि दार्जिलिंगचा, कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला प्रशांत तमांग. डोंगरातल्या गावागावांत एसएमएससाठी वर्गण्या गोळा झाल्या. तमांग मोठ्या फरकानं जिंकला. मग दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकानं गोरखा समाजाबद्दल हीन शेरा मारला आणि सिलिगुडीत दंगल उसळली. राजकारणावरचा परिणाम तर आणखी मोठा. डोंगरचे जुने नेते सुभाष घिशिंग या प्रचारापासून लांब राहिले. बिमल गुरुंग यांनी तमांगसाठी माणसं उभी केली आणि त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. घिशिंग यांचं राजकारण तिथून उतरणीला लागलं. गाण्याच्या मतदानासाठी बांधलेली संघटना वेगळ्या राज्याच्या मागणीला आयती मिळाली. त्या लोकांनी गाणं ऐकून मत दिलं नाही, असं म्हणून त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आपल्यासारखा चेहरा त्यांना क्वचितच दिसत आला होता. त्यांनी दिलेला कौल खरा होता. फक्त तो गाण्याबद्दलचा नव्हता.

युरोपात तर देशादेशांमध्ये हेच चालतं. युरोव्हिजन स्पर्धेत १९९०च्या दशकाच्या अखेरीला फोनवरून मतदान रूढ झालं आणि शेजारी शेजाऱ्याला, स्थलांतरित मायदेशाला मतं देऊ लागले. शेवटी २००९मध्ये अंतिम फेरीत निम्मं वजन पुन्हा जाणकार परीक्षकांना द्यावं लागलं.

आणि एक नोंद, वर्गाबाहेरच्या बाकावरच्या आयांसाठी. २००५च्या ‘फेम गुरुकुल’मध्ये काश्मीरच्या मतांच्या लाटेवर काझी तौकीर विजेत्या जोडीत गेला. त्याच स्पर्धेत मुर्शिदाबादचा एक मुलगा लोकमतानं बाहेर पडला, सहाव्या क्रमांकावर. त्याचं नाव अरिजीत सिंग.

पोस्टकार्डांचा काळ

मतांचा हा घोळ मोबाइलनं आणला, असं नव्हे. १९५२मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडं आलं. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडं फिरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढं आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. एका मंत्र्याच्या कानाचा कौल आणि लाखो पोस्टकार्डांचा कौल, असा हा सामना होता. १९५७मध्ये विविध भारती सुरू करून सरकारनं हार मानली.

१९५४च्या अखेरीपासून गीतमालेत गाण्यांना क्रमांक लागू लागले, आणि खरा प्रश्न उभा राहिला : लोकप्रियता मोजायची कशी? पत्रं मोजावीत, तर एकाच हातानं शंभर पत्रं लिहिता येतात. फर्माइशींच्या नादात झारखंडातलं झुमरी तिलैया गाव देशभर माहीत झालं ते असंच. तिथल्या हौशी मंडळींत जास्तीत जास्त फर्माइशी कोण पाठवतो याची चढाओढ असे. रेकॉर्डची विक्री मोजावी, तर सर्वांत गाजलेली रेकॉर्ड दुकानातून संपली की तिचा आकडा नेमका तेव्हाच थांबतो. म्हणून गीतमालेनं दुकानांतली विक्री आणि ठिकठिकाणचे श्रोता संघ यांचा मेळ घातला. एकट्यादुकट्या पत्रापेक्षा दहा माणसांनी एकत्र बसून, ऐकून, भांडून पाठवलेली यादी बरी.

त्याहून हुशारीचा नियम मला वाटतो तो ‘सरताज गीता’चा. ठरावीक आठवडे यादीत राहिलेलं गाणं बिगुल वाजवून सन्मानानं निवृत्त केलं जाई. जागा रिकामी व्हायची. आजच्या बहुतेक संकेतस्थळांवर गाणं निवृत्त होत नाही. जे वर आहे ते वर आहे म्हणून ऐकलं जातं आणि ऐकलं जातं म्हणून वर राहतं.

गर्दी विरुद्ध जाणकार या सामन्याची नगर जिल्ह्याला तर याहून जुनी परंपरा आहे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशाचा फड गाजवत होते. गर्दीचा कौल त्यांच्या बाजूनं होता. आख्यायिका अशी, की अहिल्यादेवींनी त्यांना या कवित्वाबद्दल बोल लावला, आणि फंदींनी डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. कथा खरी की रचलेली यात मी पडत नाही, आणि फंदींनी तमाशा सोडला हे मराठी गाण्याच्या फायद्याचं झालं की तोट्याचं, यावरही दुमत होऊ शकतं. माझं मत तोट्याकडं झुकतं. जाणकाराचा एक शब्दही गर्दीइतकाच चुकू शकतो. जामखेडच्या कला केंद्रांत आजही कौल रोकडा असतो : आवडलं तर दौलतजादा. तिथं निदान पैसे टाकणारा समोर बसलेला दिसतो आणि मागं लागलेलं ढोलकीचं कडं त्यानं ऐकलेलं असतं.

श्रीरामपूरचा पहिला मजला

श्रीरामपुरात एका दुकानाच्या वर एक रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भिंतींना फोम, एक मायक्रोफोन, एक संगणक, कोपऱ्यात पॅड. देवीची गाणी, खंडोबाची गाणी, जत्रेची, हळदीची, वाढदिवसाची, पुढाऱ्याच्या प्रचाराची गाणी इथं होतात. मालक तिशीतला, स्वतः चांगला ढोलकी वाजवतो. गाणं तयार करायला दोन दिवस लागतात, ते चालवायला दोन आठवडे, असा त्याचा हिशेब. चालवायचं म्हणजे काय, ते त्यानं दाखवलं. यूट्यूबवर गाणं टाकायची वेळ ठरवायची. त्याआधी गायकाच्या भावकीच्या, तालमीच्या, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सांगून ठेवायचं. गाणं पडलं की लिंक फिरवायची : आधी लाइक करा, मग कमेंट टाका, मग वेळ मिळेल तेव्हा ऐका. हा क्रम त्यानं अगदी सहज सांगितला.

पहिल्या तासातल्या अंगठ्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर २०१३मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तिघांनी ‘सायन्स’मध्ये छापलं आहे. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी जन्मतःच एक खोटी पसंती चिकटवली, मजकूर न बघता. पुढच्या वाचकानं पसंती देण्याची शक्यता त्यामुळं ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुण सरासरी २५ टक्के चढा राहिला. खोटी नापसंती चिकटवली, तर लोक ती दुरुस्त करत. फुकटची स्तुती मात्र कुणीच दुरुस्त करायला जात नाही.

स्टुडिओच्या मालकाला ही शक्ती विकत मिळते, हेही माहीत आहे. हजार व्ह्यूजचा दर, लाइकचा दर, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कमेंटचा दर, असे संदेश त्याच्या फोनवर येतात. आपण घेत नाही, असं तो म्हणाला. शेजारी बसलेला गायक तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होता. मोठ्या माणसांचंही हे सुटलेलं नाही. २०१९च्या जुलैत रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा, म्हणजे जागतिक विक्रमाचा दावा झाला. यूट्यूबनं तो मानला नाही, आणि सप्टेंबरात नियमच बदलला : जाहिरातींतून आलेले व्ह्यूज यापुढं विक्रमात आणि संगीताच्या यादीत धरायचे नाहीत. २०२०मध्ये गायिका भूमी त्रिवेदीच्या नावानं खोटं खातं निघाल्याच्या तक्रारीवरून मुंबई गुन्हे शाखेनं बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचा माग काढला, तेव्हा बादशाहलाही चौकशीला बोलावलं होतं. त्यानं सगळे आरोप नाकारले.

संकेतस्थळवाले काही झोपलेले नाहीत. यूट्यूबवर आधी पाच तारे असत. २००९मध्ये त्यांच्याच लक्षात आलं, की लोक जवळपास सगळ्याच गोष्टींना पाचच्या पाच तारे देतात. ज्याला आवडत नाही तो काहीच न देता निघून जातो. तारे गेले, अंगठे आले. मग उलटा अंगठा हत्यार झाला; न बघता, ठरवून, टोळीनं नापसंती टाकायची. २०२१च्या नोव्हेंबरात तो आकडा लोकांपासून लपवावा लागला. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तर गाणं ऐकलं असं धरतात. विलंबित एकतालातल्या ख्यालात तीस सेकंदांत गायक पहिल्या समेवरही आलेला नसतो. हा नियम करताना कुणी ख्यालाचा विचार केला नसणार, तसा करण्याचं त्यांना कारणही नव्हतं. पण नियम झाला, की त्याच्या मापाची गाणी तयार होऊ लागतात. श्रीरामपूरच्या मालकानं सांगितलं, तो आता सुरुवातीचं संबळ चार सेकंदांत आटोपतो.

साधी सरासरीही फसवते. एका गाण्याला तीनच मतं पडली आणि तिन्ही पसंतीची, म्हणजे शंभर टक्के. दुसऱ्याला तीनशे मतं, त्यात पंधरा नापसंतीची, म्हणजे पंच्याण्णव टक्के. यादीत वर कोण? अजाण यंत्र पहिल्याला वर ठेवतं, आणि ती तीन मतं गायक, त्याची बायको आणि मेहुणा यांची असतात. यावर एडविन विल्सन नावाच्या गणितज्ञानं १९२७मध्येच तोड काढून ठेवली आहे : मतं कमी असतील तर टक्केवारीवर कमी भरवसा ठेवायचा. काही संकेतस्थळं ती वापरतात. पुष्कळ वापरत नाहीत.

अठ्ठेचाळीस गाणी, आठ जगं

हे सगळं ठगांचं झालं. पण कुणीच ठकवत नसेल, प्रत्येक माणूस एकच आणि प्रामाणिक मत देत असेल तर? स्टुडिओत वीज गेली होती, संगणक बंद होता, म्हणून मालकाला आणि गायकाला मी एक प्रयोग सांगायला घेतला.

कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक संगीताचं संकेतस्थळच उभं केलं. अनोळखी बँडांची ४८ गाणी. ऐका, तारे द्या, आवडलं तर फुकट उतरवून घ्या. १४,३४१ लोक आले. त्यातल्या काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत, आधी किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत नसे. बाकीच्यांची त्यांच्या नकळत आठ जगांत वाटणी केली होती. प्रत्येक जगात आकडे दिसत, पण फक्त त्याच जगातले. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली, गाणी तीच. २००६मध्ये निष्कर्ष छापून आला. आकडे दिसू लागले की गाजलेली गाणी फार जास्त गाजतात आणि पडलेली पार झोपतात. आणि कुठलं गाणं गाजेल, ते प्रत्येक जगात वेगळं. ‘५२ मेट्रो’ नावाच्या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं आकडे न दिसणाऱ्या गटात सव्विसावं होतं, म्हणजे मधलंच. एका जगात ते पहिलं आलं. दुसऱ्या एका जगात चाळिसावं. सर्वांत चांगली गाणी तळाला सहसा गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा वर आली नाहीत. पण वरच्या पाचांत बसण्याच्या योग्यतेचं गाणं खरोखर वरच्या पाचांत येण्याची शक्यता निम्मीच.

गायक म्हणाला, म्हणजे नशीबच की. मी म्हटलं, नशीब आणि पहिले दहा-वीस श्रोते. ते कोण निघतात, त्यावर पुढची वाट ठरते. कुणी लबाडी केलेली नाही, प्रत्येकानं स्वतःच्या कानानं ऐकलं, तरी आधी कुठलं ऐकायचं हे त्यानं आकड्यावरून ठरवलं.

मग साल्गानिक आणि वॉट्स यांनी आणखी एक उद्योग केला, मी सांगितलं. २००८मध्ये तो छापून आला. यादी काही काळ चालवली आणि मग उलटी करून नव्या लोकांना दाखवली. पहिल्याला शेवटचं केलं, शेवटच्याला पहिलं. बरीचशी गाणी त्या खोट्या क्रमांकाला जागली; वर ठेवलेलं टाकाऊ गाणं वर राहिलं. अगदी चांगली होती ती थोडी मात्र हळूहळू पुन्हा वर सरकली. आणि एक गोष्ट संशोधकांना नव्यानं दिसली : उलट्या यादीवर लोकांनी एकूणच कमी गाणी उतरवून घेतली. वरची दोन-तीन ऐकून वैतागून निघून गेले असावेत.

मालक मन लावून ऐकत होता. गायकाचा उत्साह या शेवटच्या भागावर जरा ओसरला होता. म्हणजे यादी फसवी झाली की गिऱ्हाईकच तुटतं, असं मी सांगत होतो, आणि खंडोबाच्या गाण्यांच्या बाजारालाही ते लागू आहे, असंही. मालकानं मान डोलावली. वीज आली, संगणक गुरगुरला, त्यानं हेडफोन गळ्यात अडकवले.

‘पण सर, उलटी केली तेव्हा ते शेवटचं गाणं काही दिवस तरी एक नंबरला राहिलं ना?’

राहिलं, मी म्हणालो.

‘त्याचा रेट काय पडतो?’